स्वादुपिंडाची अचानक सूज : ग्रामीण रुग्णालयात पहिले ४८ तास कसे काढायचे

बाँडवर नवीन जॉइन झालेल्या, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) नाहीतर ग्रामीण रुग्णालयात एकट्याने नाइट करणाऱ्या मेडिकल ऑफिसरसाठी हे लिहून राहिलो. पुस्तकात ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिसवर, म्हणजे स्वादुपिंडाच्या या अचानक सुजेवर, पानंच्या पानं आहेत पण त्यात आयसीयू, सीटी, सर्जन सगळे बाजूच्या खोलीत बसलेले असतात, आपल्याकडे रात्री एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि सकाळी उघडणारी लॅब. तरीही या आजारात जे खरं कामाचं आहे ते बहुतेक आपल्याच हातात असते, कारण पेशंट पहिले आपल्याकडे येतो आणि पहिल्या एकदोन दिवसातच गाडी कुठे चालली ते ठरते.

एक सवय आधीच लावून घ्या. केसपेपरच्या मागच्या बाजूला आडव्या-उभ्या रेघा मारा, वरती वेळ, डावीकडे नाडी, बीपी, श्वास, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), ताप, लघवी, शुद्धी. हा कागद पुढे सारखा लागणार आहे.

पहिले, हे स्वादुपिंडच आहे का

पेशंट काय सांगतो ते ऐका. "बेंबीच्या वर दुखून राहिलं, पाठीत निघते, पडून राहवत नाही, वाकून बसलं की थोडं बरं वाटते" हे वाक्य ऐकलं की डोक्यात घंटा वाजली पाहिजे. दुखणं काही मिनिटांत वाढत वाढत जाऊन मग तिथेच थांबते, कमी-जास्त होत नाही, तासन्तास एकसारखं. सोबत ओकाऱ्या, आणि ओकारी झाल्यावरही बरं न वाटणं. पोटाला हात लावला तर पेशंट जितका ओरडून राहिला तितकं पोट कडक लागत नाही, वरच्या भागात दुखते, थोडी फुगारी असते, आतड्याचे आवाज कमी. पोट पाटासारखं कडक लागलं तर दुसराच विचार करा. बेंबीभोवती किंवा कुशीत निळसर डाग पुस्तकात छान दिसतात पण ते क्वचित आणि उशिरा येतात, त्यांची वाट पाहू नका.

निदानाचा नियम सोपा आहे, तीनपैकी दोन गोष्टी पाहिजेत : असं ठराविक दुखणं, रक्तात लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडाचे पाचक रस) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि सोनोग्राफी-सीटीवर सूज. म्हणजे दुखणं टिपिकल आणि लायपेज तिपटीच्या वर असलं तर निदान झालं, सीटी लागत नाही. लायपेज मिळत असेल तर तेच करा, ते जास्त दिवस वाढलेलं राहते, अमायलेज तीन ते पाच दिवसात खाली येते आणि आपले पेशंट बरेचदा दोन दिवस गावातल्या डॉक्टरकडे सुया घेऊन मग येतात. आकडा किती मोठा आहे त्यावरून आजार किती गंभीर ते कळत नाही, १२०० वाला तिसऱ्या दिवशी चालत घरी जातो आणि ४०० वाला व्हेंटिलेटरवर. म्हणून रोज रोज लायपेज रिपीट करून नातेवाइकांचा पैसा घालवू नका.

आणि पीएचसीत लायपेज नसेल तर? मग संशय हाच पुरेसा. सॅम्पल बाहेर पाठवून रिपोर्टची वाट पाहत सलाइन थांबवू नका, आणि पेशंट खराब वाटला तर रिपोर्टसाठी रेफर तर अजिबात थांबवू नका.

दुसरं, जे चुकलं तर माणूस जातो ते आधी बाजूला काढा

ईसीजी. चाळिशीच्या वरचा कोणीही, शुगर-बीपीवाला, वरच्या पोटात दुखते म्हणाला की ईसीजी काढल्याशिवाय पॅन्टॉप (ॲसिडिटीचं औषध) देऊ नका, हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक असाच येतो. उभ्याने छातीचा एक्सरे, डायाफ्रामखाली हवा दिसते का बघा, कारण अल्सर फुटला तरी अमायलेज वाढते आणि तो पेशंट तुमच्या सलाइनने बरा होणार नाही, त्याला सर्जन पाहिजे. ग्लुकोमीटरवर शुगर, जास्त असेल तर लघवीत कीटोन, कारण डीकेएमध्येही (शुगर फार वाढून रक्तात आम्ल साचते तेव्हा) पोट असंच दुखते. बाळंतपणाच्या वयातली बाई असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, लाजू नका, विचारून करून घ्या.

आपल्या विदर्भातल्या तीन गोष्टी वेगळ्या सांगतो कारण मुंबई-पुण्यात शिकलेल्या पोरांच्या डोक्यात त्या येतच नाहीत.

एक, मण्यार. पावसाळ्यात खाली जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि ओकारीने उठतो, चावल्याचा व्रण दिसत नाही, कोणाला साप दिसत नाही. अशा पेशंटला डोळे वर करायला लावा, पापण्या पडतात का, गिळता येते का, आवाज बदलला का, आणि दर अर्ध्या-एक तासाने परत बघा. पापणी पडली की ती पोटदुखी पोटाची नव्हतीच, मग स्वादुपिंडाच्या मागे न लागता सर्पदंशाचा प्रोटोकॉल सुरू करा.

दोन, फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले ते सगळ्यांना माहीत आहे. कपाशीच्या फवारणीच्या दिवसात ओकारी-पोटदुखी घेऊन शेतमजूर आला की बाहुल्या बघा, लाळ-घाम बघा, कपड्याचा वास घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाने अमायलेज वाढते, खरी स्वादुपिंडाची सूजही येऊ शकते, म्हणून दोन्ही सोबत असू शकतात हे लक्षात ठेवा, पण पहिले त्या विषावरचं औषध, ॲट्रोपिन.

तीन, सिकलसेल. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात तरुण पोरगा-पोरगी पोटदुखीने आली तर सिकलसेलचं कार्ड आहे का विचारा. सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये (दुखण्याचा झटका) पोट दुखतेच, पण या पोरांना कमी वयात पित्ताचे खडे होतात, आणि खड्यामुळे स्वादुपिंडही सुजते. "हा सिकलवाला आहे, नेहमीचंच दुखणं" म्हणून लायपेज न करता सोडू नका.

कारण विचारा, पण कोर्टात उभं केल्यासारखं नाही

मोठी कारणं दोनच, पित्ताचे खडे आणि दारू. वर्धा, गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत त्यामुळे माणूस बायको-पोरांसमोर आणि सरकारी दवाखान्यात दारूचं नाव काढत नाही, मोहाची घेतली तर तिला बरेच जण दारूत धरतच नाहीत. नातेवाइकांना बाहेर बसवा, खुर्ची ओढून जवळ बसा आणि "दादा, पोलिसाला नाही सांगत, मला औषध द्यायचं आहे म्हणून विचारतो, किती दिवसापासून आणि शेवटची कधी घेतली" असं विचारा. शेवटची कधी हे फार महत्त्वाचं, कारण पुढच्या एकदोन दिवसात हात थरथरणं, भ्रम, फिट सुरू झाली तर ती दारू सुटल्याची आहे की आजार वाढल्याची हे तुम्हाला ओळखायचं आहे.

बाई असेल, वय चाळीस-पन्नास, जेवणानंतर उजव्या बाजूला आधीही दुखलं असेल, तर खडे. पहिल्या ४८ तासात एसजीपीटी (लिव्हरची रक्त तपासणी) १५० च्या वर आली तर खड्याची शक्यता बरीच जास्त. सोनोग्राफी प्रत्येकाची करा, स्वादुपिंड बघायला नाही तर खडे आणि पित्तनळी बघायला, स्वादुपिंड तर गॅसमुळे बरेचदा दिसतच नाही.

रक्ताची ट्यूब थोडा वेळ उभी ठेवा. वरचा सीरम दुधासारखा पांढरा दिसला तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले आहेत, हजाराच्या वर असले तर कारण तेच असू शकते, आणि अशा पेशंटचं अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकते. ही युक्ती फुकट आहे. बाकी कारणं, रक्तात कॅल्शियम वाढणं, व्हॅल्प्रोएट-ॲझाथायोप्रिनसारखी औषधं, पोटाला मार लागणं, ती विचारून लिहून ठेवा, आज रात्री त्यांनी उपचार बदलत नाही.

किती गंभीर, हे एका नजरेत कळत नाही

इथे माझं स्वतःचं सांगतो. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, रात्री अकराच्या सुमारास पस्तिशीतला माणूस आला, "साहेब, गॅस झाला वाटते, लय दुखून राहिलं." मी पॅन्टॉप आणि डायक्लोफेनॅकची सुई दिली, अर्ध्या तासात त्याला बरं वाटलं, मोटरसायकलवर मागे बसून गेला. पहाटे पाचला त्याचा भाऊ त्याला खांद्यावर टाकून घेऊन आला तेव्हा बीपी ८०, श्वास ३४, रात्रभर लघवी नाही. मेडिकल कॉलेजच्या आयसीयूत तीन आठवडे राहून वाचला तो. नंतर मी जुना केसपेपर काढून पाहिला, सिस्टरने रात्री अकरालाच नाडी ११६ लिहिली होती. मी वाचलीच नव्हती. त्या दिवसापासून तो मागचा कागद मी स्वतः भरतो.

तर काय मोजायचं. सुरुवात सोप्या चारने करा : ताप ३८ सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२ हजाराच्या वर किंवा ४ हजाराच्या खाली. यातले दोन असले की त्याला सिर्स (सगळ्या अंगभर पसरलेली सूज) म्हणतात, आणि सिर्स ४८ तास टिकून राहिला तर धोका खरा आहे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, सगळ्यांच्या पेपरवर २० लिहिलेला असतो तो कोणी मोजलेला नसतो.

मग धोका मोजायचा बिसॅप स्कोर, प्रत्येकाला एक मार्क : बीयूएन (रक्तातल्या यूरियातलं नायट्रोजन) २५ च्या वर, शुद्धीत फरक, सिर्स, वय ६० च्या वर, एक्सरेत छातीत पाणी. तीन किंवा जास्त आले तर पेशंट तुमच्याकडे ठेवायचा नाही. यात एक चूक सगळे नवीन लोक करतात, मीही केली, आपल्या लॅब ब्लड यूरिया देतात, बीयूएन नाही. बीयूएन २५ म्हणजे ब्लड यूरिया साधारण ५३. यूरिया ३० पाहून मार्क देऊन बसू नका.

हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) ४४ च्या वर असेल तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे, आणि सलाइन देऊनही तो आणि यूरिया २४ तासात खाली येत नसेल तर काहीतरी बिघडत आहे. सीआरपी (सूज दाखवणारी रक्त तपासणी) पहिल्या दिवशी करून उपयोग नाही, ४८ तासांनी १५० च्या वर गेला तर अर्थ आहे. सीटी पहिल्या तीन-चार दिवसात निदानाची शंका असेल तरच, लवकर केली तर स्वादुपिंडाचा मेलेला भाग नीट दिसतच नाही आणि सगळ्यांना खोटा धीर येतो.

२०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात गंभीर कोणाला म्हणायचं ते स्पष्ट आहे : फुप्फुस, किडनी किंवा रक्ताभिसरण यापैकी काही फेल झालं आणि ४८ तासाच्या वर तसंच राहिलं तर तो गंभीर. म्हणजे पहिल्या रात्री तुम्ही "माइल्ड आहे, काळजी करू नका" असं सांगूच शकत नाही. नातेवाइकांना सांगा, "दोन दिवस पाहावं लागते, मग सांगतो."

सलाइन : मोजून, आणि परत बघून

आधी शिकवायचे की भरभरून पाणी द्या. २०२२ साली वॉटरफॉल नावाची ट्रायल आली, २४९ पेशंट, त्यात भारतातले पण होते, आणि ती मध्येच थांबवावी लागली कारण जास्त सलाइनवाल्या गटात २०.५ टक्के लोकांच्या अंगात पाणी जास्त झालं, मोजून दिलेल्या गटात ६.३ टक्के, आणि जास्त देऊन आजार काही कमी झाला नाही. म्हणून आता हिशोब असा.

आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) घ्या. पेशंट कोरडा असेल, म्हणजे जीभ कोरडी, नाडी जोरात, लघवी कमी, बीपी खाली, तर १० एमएल प्रति किलो दोन तासात. कोरडा नसेल तर हा पहिला डोस नको. त्यानंतर दोघांनाही ताशी १.५ एमएल प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला पहिले ६०० एमएल दोन तासात, मग ताशी ९०. इन्फ्युजन पंप कुठे आहे आपल्याकडे, म्हणून थेंब मोजा, सेटच्या पाकिटावर एक एमएलला २० थेंब लिहिलं असेल तर ताशी ९० म्हणजे मिनिटाला ३० थेंब, आणि पहिल्या दोन तासात मिनिटाला १००. ५०० ची बाटली ३० थेंबाने साडेपाच तास चालते, ती दोन तासात संपली तर कोणीतरी चाक फिरवलं आहे, पेशंटला पाणी लागते म्हणून नातेवाईक फिरवतात, त्यांना समजावून सांगा. मे महिन्यात ४५ डिग्रीत शेतातून आलेला माणूस आजाराच्या आधीच कोरडा असतो, त्याला पहिला डोस जवळजवळ नेहमीच लागतो. कॅल्शियम वाढल्यामुळे आजार झाला असेल तर आरएल नको, एनएस (नॉर्मल सलाइन).

लावून दिलं आणि झोपायला गेलो असं नाही. तीन तासांनी बघा, मग १२ तासांनी, २४ तासांनी, पण खरं सांगायचं तर पहिल्या रात्री दर दोन-तीन तासाला बेडजवळ जाच. लघवी ताशी अर्धा एमएल प्रति किलो, म्हणजे ६० किलोला ताशी ३० एमएल, पेशंट खराब असेल तर कॅथेटर टाका म्हणजे अंदाज लावावा लागत नाही. छातीत खाली क्रेप्स (स्टेथोस्कोपने ऐकू येणारी चरचर), एसपीओटू उतरत चालला, पाय सुजले, तर सलाइन कमी करा किंवा थांबवा. लघवी कमी झाली आणि पोट फुगून ताणलं गेलं तर अजून बाटली लावणं हे उत्तर नाही, तो पेशंट लगेच मोठ्या दवाखान्यात गेला पाहिजे. हार्ट किंवा किडनीवाला, म्हातारा माणूस, त्याला यापेक्षाही हात राखून.

दुखणं थांबवा

पेशंटला कळवळत ठेवून "निदान झाकलं जाईल" म्हणणं आता सोडून द्या. पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, ५० किलोच्या आतल्याला १५ मिलिग्राम प्रति किलो. न थांबलं तर ट्रॅमाडॉल ५० ते १०० मिलिग्राम १०० एमएल एनएसमधून हळूहळू, सोबत ओकारीसाठी ऑन्डान्सेट्रॉन. मात्र फिटचा पेशंट किंवा रोज पिणारा असेल तर ट्रॅमाडॉल जपून, फिट येऊ शकते. मॉर्फिनने स्वादुपिंडाची नळी आवळली जाते म्हणून देऊ नये असं जुनं शिकवलेलं असते, पण त्याने पेशंटचं नुकसान होते असा पुरावा नाही, उपलब्ध असेल आणि श्वासावर लक्ष ठेवता येत असेल तर चालते. डायक्लोफेनॅक मी तरी पहिल्या रात्री कोरड्या पेशंटला देत नाही, किडनी आधीच धोक्यात असते.

एसपीओटू ९४ च्या खाली गेला तर ऑक्सिजन. रोज पिणाऱ्याला थायमिन (बी१ जीवनसत्त्व) १०० मिलिग्राम आधी, डेक्स्ट्रोज नंतर, हा क्रम उलटू देऊ नका. कॅल्शियम कमी आलं तर आधी अल्ब्युमिन बघा, बोटं वाकडी होणं, फिट, ईसीजीत बदल असेल तरच कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के १० एमएल दहा मिनिटांत हळू द्या.

अँटिबायोटिक नको. हे लिहिताना मला माहीत आहे की तुमच्या वॉर्डात सगळ्यांना सेफ्ट्रियाक्सोन-मेट्रो ही अँटिबायोटिकं चालू असतात, पण सुरुवातीचा ताप हा सुजेचा असतो, जंतूंचा नाही. पित्तनळीत इन्फेक्शन असेल, न्यूमोनिया असेल, लघवीचं असेल, तर जरूर द्या. ऑक्ट्रिओटाइडच्या महागड्या सुया बाहेरून आणायला लावू नका, फायदा सिद्ध झालेला नाही, त्या पैशात त्या घरचं महिन्याचं किराणा येते.

उपाशी ठेवू नका

चार-पाच दिवस तोंडाने काहीच नाही, ही जुनी पद्धत गेली. ओकाऱ्या थांबल्या, दुखणं कमी झालं, भूक लागली की २४ तासाच्या आतच सुरू करा, आधी पाणी मग पेज असं टप्प्याटप्प्याने जायचीही गरज नाही. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, तेल-तुपाविना खिचडी, ज्वारीची आंबील. तर्री नको, तेलाची फोडणी नको, हे आजीला वेगळं सांगा कारण डबा तीच पाठवते, आणि "पोरगं अशक्त झालं" म्हणून मटणाचा रस्सा आणते. खाल्ल्यावर परत दुखलं तर एक जेवण थांबा, संध्याकाळी पुन्हा द्या. तोंडाने जमतच नसेल तर तीन-चार दिवसात नाकातल्या नळीने, शिरेतून जेवण शक्यतो नाही.

रेफर कधी

सलाइनचा पहिला डोस देऊनही बीपी ९० च्या खाली किंवा नाडी १२० च्या वर, श्वास ३० च्या जवळ, ऑक्सिजनवर ठेवावं लागते, लघवी नाही, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.९ च्या वर किंवा वाढत चाललं, बडबड करतो किंवा सुस्त पडला, बिसॅप तीन, गरोदर बाई. आणि कावीळ, ताप, थंडी वाजणं एकत्र असेल तर पित्तनळीत पू आहे, त्याला २४ तासात ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी मोकळी करणं) पाहिजे, ती जिथे होते तिथेच फोन करून पाठवा, नाहीतर तो दोन दवाखाने फिरून तिसऱ्यात पोहोचतो. कावीळ-ताप नसलेल्या खड्याच्या पेशंटला मात्र घाईघाईत ईआरसीपी लागत नाही.

नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया किंवा सेवाग्राम, जे जवळ असेल तिथे आधी बोला, बेड आहे का विचारा, मग १०८. दोन जाड कॅन्युला, ऑक्सिजन, कॅथेटर, दुखण्याची सुई देऊन, आणि रस्त्यात बाटली कोणत्या थेंबाने चालवायची ते लिहून पाठवा. नातेवाइकांना रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांगा, महात्मा फुले योजनेचं काम तिथे अडते. आणि तो मागचा कागद, नाडी-श्वास-लघवीचा, त्याची मोबाइलवर कॉपी काढून मूळ कागद पेशंटसोबत द्या. तिकडच्या रेसिडेंटला "पेन ॲब्डोमेन, रेफर्ड फॉर मॅनेजमेंट" या चिठ्ठीपेक्षा त्या कागदातून दहापट कळते, किती पाणी गेलं आणि कधीपासून बिघडला ते.

सुट्टी देताना

खड्याचा पेशंट बरा झाला की घरी पाठवून "दोन महिन्यांनी ऑपरेशन करा" सांगायचं नाही, सौम्य आजार असेल तर त्याच भरतीत पित्ताशय काढलेलं चांगलं, नाहीतर वाट पाहण्यातच दुसरा झटका येतो. आपल्याकडे सर्जन नसेल तर सुट्टीऐवजी सरळ सर्जनकडे पाठवा. दारूवाल्याला एकट्यात पंधरा मिनिटं द्या, दुसऱ्यांदा झालं तर काय होते ते घाबरवून नाही तर समजावून सांगा, बायकोला नाही तर त्यालाच. विडी-तंबाखूचंही सांगा, तंबाखूने हा आजार वाढतो हे बऱ्याच जणांना माहीत नसते. सुट्टीच्या कार्डावर आजाराचं नाव मराठीत लिहा, "स्वादुपिंडाला सूज", कारण पुढच्या वेळी तो वेगळ्याच दवाखान्यात जाईल, आणि खाली लिहा : परत दुखलं, ताप आला, खाल्लेलं टिकत नाही, कावीळ दिसली तर त्याच दिवशी या, आणि दोन आठवड्यांनी उपाशीपोटी शुगर तपासायला या.